कर्नलनं पुसलेली नेटवर्क कार्डं

२००८ च्या सप्टेंबरात लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, चाचणी आवृत्त्या वापरणाऱ्या काही जणांच्या यंत्रांवर सुरू होतानाच्या नोंदींत दोन ओळी दिसू लागल्या. पहिली सांगत होती, पीसीआय पत्ता ००:१९.० वरच्या उपकरणाच्या एनव्हीएमचा, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीचा, चेकसम (तपासणीची बेरीज) जुळत नाही. दुसरी सांगत होती, ई१०००ई या ड्रायव्हरनं, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या कोडनं, ते उपकरण घ्यायला नकार दिला, त्रुटी उणे ५. पुढे शांतता. इंटरफेस नाही, पत्ता नाही, केबल लावली तरी कर्नलच्या लेखी कार्डच नाही.

कर्नल स्वतः बांधणाऱ्याला नेटवर्क गायब होणं नवं नसतं. ड्रायव्हर निवडायचा राहतो. किंवा मॉड्यूल म्हणून, म्हणजे नंतर चढवायचा सुटा तुकडा म्हणून, निवडला जातो, पण यंत्र सुरू होताना लागणाऱ्या फाइलींच्या रॅमडिस्कमध्ये पोचत नाही. कधी फर्मवेअरची फाइल जागेवर नसते. अशा वेळी जुन्या कर्नलनं यंत्र सुरू करायचं, कॉन्फिग, म्हणजे कर्नलमध्ये काय घ्यायचं त्या पर्यायांची यादी, दुरुस्त करायची, पुन्हा बांधायचं. इथे मात्र जुन्या, खात्रीच्या कर्नलवर परत गेलं तरी कार्ड उठत नव्हतं. बिघाड डिस्कवर नव्हताच. तो मदरबोर्डवरच्या चिपमध्ये लिहिला गेला होता. चुकीचं कर्नल एकदा चाललं आणि कार्ड स्वतःची ओळख विसरलं.

हे प्रकरण वाचण्यासारखं आहे ते खरा गुन्हेगार सापडला त्या जागेमुळे. तो कॉन्फिगमधल्या नेटवर्कच्या मेन्यूत नव्हताच.

कार्डाची ओळख कुठे असते

इंटेलच्या गिगाबिट कार्डांना स्वतःची थोडी कायमस्वरूपी मेमरी लागते. पहिल्या तीन शब्दांत मॅक पत्ता (नेटवर्कवरची कार्डाची ओळख), पुढे चिपची मांडणी, दिवे कसे लुकलुकावेत इथपासून वीज वाचवण्याच्या सवयींपर्यंत सगळं तिथे. एक शब्द म्हणजे १६ बिट. पहिल्या ६४ शब्दांची बेरीज षोडशमान पद्धतीत 'बीएबीए' यायलाच हवी (हो, बाबा), असा नियम आहे. ड्रायव्हर जागा झाला की ही बेरीज तपासतो आणि जुळली नाही तर कार्डाला हात लावत नाही. सप्टेंबरातल्या त्या पहिल्या ओळीचा अर्थ हाच.

सुट्या कार्डांवर ही मेमरी बहुधा स्वतंत्र छोट्या ईईप्रॉममध्ये असते. पण आयसीएच ८ आणि आयसीएच ९ या चिपसेटांसोबत येणाऱ्या ८२५६६ आणि ८२५६७ या जोडचिपांची सोय वेगळी होती. त्यांची माहिती मदरबोर्डच्या बायॉसच्याच फ्लॅश चिपमध्ये, वेगळ्या राखलेल्या भागात राहते. तो फ्लॅश वाचता-लिहिता यावा म्हणून नियंत्रणाची रजिस्टरं (चिपशी बोलण्याच्या जागा) ड्रायव्हर कर्नलच्या पत्त्यांमध्ये जोडून घेतो. अवस्थेचं रजिस्टर, आज्ञेचं रजिस्टर, पत्त्याचं, डेटाचं, सगळी साध्या मेमरीसारखी दिसतात. एकदा ती जोडली गेली की कर्नलमधला कुठलाही कोड, नेटवर्कशी त्याचा संबंध असो वा नसो, चुकून त्या पत्त्यावर लिहू शकतो. कर्नलच्या आत भिंती नसतात. आणि हे लॅपटॉप, हे डेस्कटॉप त्या काळी कार्यालयांमध्ये सर्रास होते. दुर्मिळ हार्डवेअर असतं तर प्रकरण एवढं गाजलंही नसतं.

त्या वसंतातली ड्रायव्हरची फाळणी

सप्टेंबरापर्यंत पोचण्याआधी त्याच वर्षाच्या सुरुवातीचा एक प्रसंग सांगायला हवा, कारण कॉन्फिग हाताळणाऱ्यांना ई१०००ई हे नाव त्याच वेळी नीट कळलं.

इंटेलच्या गिगाबिट कार्डांसाठी आधी एकच ड्रायव्हर होता, ई१०००. पीसीआय, पीसीआय-एक्स, पीसीआय एक्सप्रेस, सगळी पिढी त्याच्या डोक्यावर. कोड फुगत गेला, एका चिपसाठी केलेली दुरुस्ती दुसरीला बाधू लागली. म्हणून पीसीआय एक्सप्रेसवाल्यांचं वेगळं बिऱ्हाड मांडायचं ठरलं आणि जानेवारी २००८ मध्ये आलेल्या कर्नल २.६.२४ मध्ये ई१०००ई दाखल झाला. निर्णय शहाणपणाचाच होता. घोळ झाला तो बदली कशी करायची यावरून.

कुठलं कार्ड कोणाचं हे ड्रायव्हरमधल्या पीसीआय ओळख क्रमांकांच्या यादीवरून ठरतं. २.६.२५ च्या तयारीत अशी व्यवस्था झाली की कॉन्फिगमध्ये ई१०००ई निवडलेला असेल, मग कर्नलमध्ये गोठवलेला असो वा मॉड्यूल म्हणून, तर ई१००० नं पीसीआय एक्सप्रेसचे क्रमांक सोडून द्यायचे. आता विचार करा, एखाद्याच्या कॉन्फिगमध्ये ई१००० समोर 'वाय' (गोठवलेला) आहे आणि ई१०००ई समोर 'एम' (मॉड्यूल). त्याला वाटतं, कार्डाचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, मॉड्यूल नंतर मिळालं नाही तरी चालेल. तो कर्नल बांधतो, यंत्र सुरू करतो, नेटवर्क नाही. 'वाय' लिहिलेला ड्रायव्हर हजर आहे, कार्डही हजर आहे, फक्त दोघांमधलं नातं बांधताना गुपचूप तोडलं गेलं आहे.

कर्नल विकासक इंगो मोल्नार यांनी या अडचणीवर दुरुस्ती पाठवली: जुना ड्रायव्हर गोठवलेला आणि नवा मॉड्यूल असेल, तर क्रमांक जुन्याकडेच ठेवा. वापरणाऱ्याचा इरादा उघड आहे, असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते शंभर टक्के पटतं. चालू कॉन्फिग एक शब्द न बोलता बिघडवणं हा बदल घडवण्याचा मार्गच नव्हे. २.६.२६ पासून मात्र क्रमांक कायमचे नव्या ड्रायव्हरकडे गेले. म्हणजे त्या वर्षीच्या पावसाळ्यात ज्यांच्याकडे आयसीएच ८ किंवा ९ होतं त्यांना पर्यायच उरला नव्हता. ई१०००ई घ्या, नाहीतर नेटवर्क विसरा.

म्हणून सप्टेंबरात कार्डं मरू लागली तेव्हा बोट आधी या नव्या ड्रायव्हरकडेच गेलं. नवा आहे, नुकताच गोंधळ घातला आहे, आणि फ्लॅशला हात लावणारा कोड त्याच्याकडेच आहे. यात चूक काही नव्हती.

संशयितांची रांग

जुलैअखेर २.६.२७ ची पहिली चाचणी आवृत्ती बाहेर पडली. वितरणांनीही, म्हणजे लिनक्सचे तयार संच देणाऱ्यांनीही, ती आपल्या येऊ घातलेल्या आवृत्त्यांमध्ये घेतली: उबुंटू ८.१०, ओपनसुसे ११.१, फेडोराची विकासशाखा, मँड्रिव्हा २००९. तक्रारी येऊ लागल्यावर इशारे निघाले. उबुंटूनं तर आपल्या चाचणी कर्नलमधून हा ड्रायव्हर काही काळ बंदच केला. नेटवर्क नसलेलं यंत्र परवडलं, मदरबोर्ड गेलेलं नको, हा सरळ हिशेब.

शोध लावणं अवघड होतं, त्याची कारणंही सरळ होती. बिघाड क्वचित व्हायचा. झाला की त्या यंत्रावर दुसऱ्यांदा प्रयोग करता येत नसे, कारण प्रयोगाचं साधनच संपलेलं. आणि कार्ड पुसलं गेल्याचं कळायचं ते पुढच्या वेळी यंत्र सुरू करताना, म्हणजे गुन्हा घडून बराच वेळ उलटल्यावर. ज्या नोंदींत काही सुगावा असता त्या तोवर गेलेल्या.

थॉमस ग्लाइक्सनर या कर्नल विकासकानं ड्रायव्हरमध्ये एनव्हीएमच्या कुलपावरून होणारी ओढाताण पकडायला तपासण्या घातल्या. दोन वाटांनी एकाच वेळी फ्लॅशकडे जाणं शक्य आहे का, हा प्रश्न रास्त होता, आणि त्यातून ड्रायव्हरचं भलंच झालं. काही तक्रारींत ग्राफिक्स कोसळल्याचा उल्लेख होता, त्यामुळे संशय एक्स सर्व्हर (पडद्यावरचं चित्र सांभाळणारा प्रोग्राम) आणि इंटेलच्या ग्राफिक्स कोडकडेही वळला. तोही मेमरीचे मोठे तुकडे जोडून घेतो, मग चुकून शेजारी लिहीत असेल तर? हा धागा कुठेच पोचला नाही.

दरम्यान इंटेलच्या चमूनं एक शहाणी गोष्ट केली. कारण सापडेपर्यंत थांबायचं नाही, आधी दार लावून घ्यायचं. आयसीएच चिपसेटांमध्ये फ्लॅशचा ठरावीक भाग फक्त वाचण्यापुरता ठेवून त्यावर कुलूप लावण्याची सोय हार्डवेअरमध्येच आहे. एकदा लावलं की सॉफ्टवेअरला ते काढता येत नाही. ड्रायव्हर सुरू होतानाच हे कुलूप लावू लागला. ९ ऑक्टोबर २००८ ला २.६.२७ प्रसिद्ध झालं ते या संरक्षणासह. कार्डं मरायची थांबली, पण कोणीतरी अजूनही तिथे लिहीत होतं आणि तो कोण हे ठाऊक नव्हतं.

यावर नाक मुरडणारे असतात. लक्षण झाकलं, रोग तसाच, असं त्यांचं म्हणणं. मला हा आक्षेप पोकळ वाटतो. ज्या बिघाडात प्रत्येक तासाला कोणाचं तरी हार्डवेअर जाऊ शकतं, तिथे आधी रक्त थांबवायचं असतं.

मेन्यूच्या दुसऱ्या टोकाला

कारण सापडलं ते कॉन्फिगच्या 'कर्नल हॅकिंग' या शाखेत. एफट्रेस या मागोवा घेणाऱ्या यंत्रणेचा पहिला प्रवेश २.६.२७ मध्येच झाला होता. कर्नलमधली कुठली फंक्शनं कधी बोलावली जातात हे पाहण्याची ही सोय आज कोणालाही सोडवत नाही, इतकी उपयोगी आहे.

तिची रीत अशी. कर्नल बांधताना जीसीसी या कंपायलरला विशेष पर्याय दिला की तो प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला एमकाउंट नावाच्या फंक्शनला हाक मारणारी सूचना घालतो. हजारो फंक्शनं, प्रत्येकात ही हाक, तर कर्नल मंदावणारच. म्हणून 'डायनॅमिक एफट्रेस' हा जोडपर्याय: मागोवा नको असेल तेव्हा या हाकांच्या जागी काहीच न करणाऱ्या सूचना लिहून टाकायच्या. चालू कर्नलचा कोड चालू असतानाच बदलायचा. एफट्रेस निवडला की हा जोडपर्याय आपोआप 'वाय' होत असे. वितरणांनी एफट्रेस चालू केला, सोबत हाही आला. कॉन्फिगमध्ये त्याची एक ओळ, नेटवर्कच्या ओळींपासून शेकडो ओळी लांब.

२.६.२७ मधली पद्धत अशी होती की एखादं फंक्शन पहिल्यांदा चाललं की त्यातल्या हाकेचा पत्ता एका यादीत नोंदवला जाई. एफट्रेसडी नावाचा कर्नलमधला सेवक दर सेकंदाला जागा होई आणि यादीतल्या पत्त्यांवर जाऊन सूचना बदलून टाकी. पत्ता नोंदवणं आणि त्यावर लिहिणं, यात सेकंदापर्यंतचा अवधी.

मॉड्यूलमध्ये काही फंक्शनं फक्त सुरुवातीपुरती असतात. मॉड्यूल चढलं, ती एकदा चालली की त्यांची मेमरी मोकळी केली जाते. यंत्र सुरू होताना एकामागून एक डझनांनी मॉड्यूलं चढतात, म्हणजे अशा मोकळ्या होणाऱ्या जागाही डझनांनी. आणि ३२ बिटी एक्स८६ वर मॉड्यूलांचा कोड आणि उपकरणांची जोडलेली रजिस्टरं, दोन्हींना पत्ते एकाच, व्हीमॅलॉक नावाच्या, क्षेत्रातून मिळतात. ६४ बिटीवर मॉड्यूलांचं क्षेत्र स्वतंत्र आहे.

आता घटना जुळवा. कुठल्याशा मॉड्यूलचं सुरुवातीचं फंक्शन चाललं, त्यातल्या हाकेचा पत्ता यादीत गेला. काम संपलं, मेमरी मोकळी झाली. तेवढ्यात ई१०००ई जागा झाला, त्यानं फ्लॅशची रजिस्टरं जोडायला जागा मागितली आणि त्याला नेमकी तीच मिळाली. मग एफट्रेसडी उठला, हातात जुनी यादी. भाडेकरू बदलल्याचं न कळलेल्या रंगाऱ्यासारखा तो त्या पत्त्यावर गेला आणि काम सुरू केलं.

सेवक आंधळेपणानं लिहीत नव्हता, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. लिहिण्याआधी तिथे अपेक्षित सूचनाच आहे ना, हे पाहायची काळजी घेतलेली होती. त्यासाठी प्रोसेसरची तुलना करून अदलाबदल करणारी सूचना वापरली होती: मजकूर जुळला तरच नवा लिही. कागदावर निर्धोक. पण एक्स८६ वर ही सूचना बसला (प्रोसेसर आणि मेमरीमधल्या मार्गाला) कुलूप लावून चालवली की तुलना फसली तरी लिहिणं होतंच. जो मजकूर वाचला तोच परत लिहिला जातो. साध्या मेमरीत याचा कोणाला पत्ताही लागत नाही, होतं तेच राहिलं. उपकरणाच्या रजिस्टरांवर मात्र 'वाचलेलं परत लिहिणं' म्हणजे काहीच न करणं नव्हे. तिथे लिहिणं हीच आज्ञा असू शकते, आणि अशा जागी या सूचनेचा परिणाम काय होईल याची कोणतीही हमी नाही.

एफट्रेसचे कर्ते स्टीव्हन रोस्टेड इंटेलच्या लोकांसोबत शोध घेत होते, आणि आपलाच कोड बहुधा याचा उगम आहे असं त्यांनी उघड लिहिलं. १५ ऑक्टोबरला २.६.२७.१ निघालं. त्यातली दुरुस्ती जवळजवळ हास्यास्पद वाटावी इतकी छोटी: डायनॅमिक एफट्रेसच्या कॉन्फिग नोंदीत तो 'ब्रोकन' या चिन्हावर अवलंबून आहे असं लिहिलं. ब्रोकनला मेन्यूत जागाच नसते, ते निवडता येत नाही, म्हणून त्यावर टेकलेलं काहीही निवडता येत नाही. कोडला हात न लावता धोका कॉन्फिगमधूनच उपटून काढला. स्थिर शाखेत मोठी फेररचना करण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

खरी फेररचना डिसेंबरातल्या २.६.२८ मध्ये आली. दर सेकंदाला उठणारा सेवक गेला. हाकांच्या जागा आता कर्नल बांधतानाच शोधून नोंदवल्या जातात, आणि सुरुवातीपुरत्या फंक्शनांचा विभाग तेव्हा त्यात घेतलाच जात नसे. लिहिण्याआधी मजकूर वाचून पाहिला जातो, न जुळल्यास एफट्रेस स्वतःला बंद करून घेतो.

कॉन्फिगच्या बाजूनं पाहिलं तर

या यंत्रणेवरून एक गोष्ट निघते जी त्या काळच्या चर्चांत फारशी ऐकू येत नाही. ई१०००ई 'वाय' करून कर्नलमध्ये गोठवला असता, तर त्याची रजिस्टरं पहिलं मॉड्यूल चढण्याच्या कितीतरी आधी जोडली गेली असती. त्यांची जागा मॉड्यूलची मोकळी झालेली जागा असण्याचा प्रश्नच आला नसता. म्हणजे तोच ड्रायव्हर, तेच कार्ड, तोच सदोष एफट्रेस, आणि फक्त 'वाय' की 'एम' यावर कार्डाचा जीव. हे 'वाय' निवडण्याचं समर्थन मात्र होत नाही. फर्मवेअर लागणारा ड्रायव्हर गोठवला की मूळ फाइलप्रणाली उघडण्याआधीच तो फर्मवेअर मागतो आणि रिकाम्या हातानं बसतो. त्या भानगडी रोजच्या आहेत, ही शतकातून एकदाची.

रोजच्या कामात उपयोगी पडतं ते वेगळंच. कर्नलची नवी आवृत्ती घेऊन जुन्या कॉन्फिगवर 'मेक ओल्डकॉन्फिग' चालवणारे बहुतेक जण एंटर दाबत सुटतात. नेटवर्कचे प्रश्न आले की थांबतात, बाकीचे जाऊ देतात. २००८ चं प्रकरण नेमकं त्या जाऊ दिलेल्यांतलं. आज 'मेक लिस्टन्यूकॉन्फिग' नव्यानं आलेले पर्याय आधीच छापून देतं आणि कर्नलच्या स्क्रिप्ट्समधलं डिफकॉन्फिग दोन कॉन्फिगांतला फरक दाखवतं. आपण न मागता 'वाय' झालेल्या ओळी डोळ्यांखालून घालायला चहा निवण्याइतका वेळही लागत नाही. 'कर्नल हॅकिंग' खालच्या नव्या ओळी मी तरी सगळ्यात आधी बघतो.

कार्डासाठी ड्रायव्हर शोधताना नावावर जाऊ नये, क्रमांकावर जावं. एलएसपीसीआय ही उपकरणांची यादी देणारी आज्ञा क्रमांकांसह आणि ड्रायव्हरच्या नावासह चालवली की चालू कर्नलमध्ये ते कार्ड कोणाकडे आहे हे कळतं. तो ड्रायव्हर मेन्यूत दिसत नसेल तर कंपनीचा पर्याय बंद असण्याची शक्यता मोठी: ३.२ पासून ईथरनेटचे ड्रायव्हर कंपनीवार लावले आहेत, आणि इंटेलची ओळ बंद केली की ई१००० आणि ई१०००ई दोघेही मेन्यूतून नाहीसे होतात. चढलेल्या मॉड्यूलांवरून कॉन्फिग आटोपशीर करून देणारं 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' २.६.३२ मध्ये आलं, तेही रोस्टेड यांचंच काम. ते चालवताना यूएसबीचं नेटवर्क कार्ड लावलेलं नसेल तर त्याचा ड्रायव्हर मुकाट्यानं वगळला जातो, एवढं ध्यानात ठेवलं म्हणजे झालं.

आणि चाचणी आवृत्ती घालण्याआधी ईथटूल या साधनानं कार्डाच्या एनव्हीएमची प्रत काढून दुसऱ्या यंत्रावर ठेवावी. २००८ मध्ये इंटेलचा सल्लाही हाच होता, आणि ज्यांच्याकडे ती प्रत होती त्यांना कार्ड परत उभं करायची आशा होती. ई१०००ई मधलं संरक्षण अजून आहे, 'राइटप्रोटेक्टएनव्हीएम' नावाचा मॉड्यूल पर्याय, मूळचा चालू. त्यामुळे आयसीएचवाल्या यंत्रावर प्रत परत लिहायची वेळ आलीच तर आधी तो पर्याय शून्य करावा लागतो, आणि नुसतं मॉड्यूल काढून पुन्हा चढवून भागत नाही. आधी लागलेलं कुलूप चिपमध्येच असतं, यंत्राची वीज पूर्ण तोडल्याशिवाय ते सुटत नाही.